ग्रीन कार्डची तारीख सरकली म्हणून हुरळू नका, या चुका टाळा

ग्रीन कार्डच्या रांगेत कोणत्या तारखेच्या आधीच्या लोकांचा नंबर आला, हे अमेरिकेचं सरकार दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये सांगतं. सप्टेंबर २०२२च्या बुलेटिनमध्ये भारतासाठी ईबी-२ची (उच्चशिक्षित नोकरदारांच्या कॅटेगरीची) तारीख होती १ डिसेंबर २०१४. ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२वर आली, डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११वर आणि एप्रिल २०२३मध्ये थेट १ जानेवारी २०११वर. सात महिन्यांत रांग जवळजवळ चार वर्षं उलटी चालली. तरीही बुलेटिन आलं की व्हॉट्सॲपवर कुणीतरी त्रैराशिक मांडतोच: यंदा सहा महिने सरकली, म्हणजे आपला नंबर अमुक साली. सगळ्यात मोठी चूक हीच.

नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यात नवरा-बायको-मुलंही मोजली जातात. एका देशाच्या वाट्याला ७ टक्के. इतर देशांनी न वापरलेले नंबर त्याच कॅटेगरीत सर्वांत जुनी तारीख असणाऱ्यांना मिळतात, आणि ईबी-२मध्ये ते बहुतेक भारतीयच असतात. म्हणून आपली तारीख आपल्या रांगेपेक्षा बाकीच्या जगाच्या मागणीवर जास्त हलते. कोविडात कॉन्सुलेट बंद पडले, फॅमिली कोट्यातले नंबर उरले आणि पुढच्या वर्षी इकडे आले. २०२२च्या आर्थिक वर्षात आकडा २ लाख ८० हजारांपार गेला. तो ओघ आटला, इतर देशांची मागणी वाढली आणि तारीख घसरली. हे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोटा संपत आला की तारीख मागे जाणं हे नेहमीचंच. या तारखेच्या भरवशावर घर घेण्याचे किंवा भारतात परतण्याचे बेत आखू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुलेटिन वाचतानाही घोटाळे होतात. त्यात दोन तक्ते असतात: अंतिम निर्णयाच्या तारखांचा आणि अर्ज भरण्याच्या तारखांचा. आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरायला या महिन्यात कोणता तक्ता चालेल हे यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) आपल्या वेबसाइटवर वेगळं जाहीर करते. ते न बघता दुसऱ्या तक्त्यावरून पेढे वाटू नका. शिवाय तुमची प्रायॉरिटी डेट (तुम्ही रांगेत लागलात ती तारीख) तक्त्यातल्या तारखेच्या आधीची हवी. तक्त्यात १ एप्रिल २०१२ आणि तुमचीही १ एप्रिल २०१२, तर तुम्ही अजून बाहेरच.

देश मोजतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोवेकर गोव्यात जन्मला असेल तर भारताच्याच रांगेत. उलट बायकोचा जन्म मस्कत किंवा कुवेतचा असेल, तर तिच्या जन्मदेशाच्या रांगेतून दोघांचीही फाइल जाऊ शकते. वडील आखातात नोकरीला होते अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत, पण ही गोष्ट वकिलाला सांगायचंच राहून जातं. मुलाच्या जन्मदेशाचा फायदा मात्र आईवडिलांना मिळत नाही.

आता कागदपत्रं. इथे आपली माणसं हमखास अडकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले जन्मदाखले काढून बघा: नावाच्या रकान्यात नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, नाहीतर तो रकाना कोराच. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत आणि पासपोर्टवर जन्मगाव सांगली. लग्नानंतर आडनावाबरोबर पहिलं नावही बदललेलं. दाखल्यात नाव घालून घेणं, नोंद सापडलीच नाही तर निबंधकाकडून अनुपलब्धतेचा दाखला, त्याला जोड म्हणून आईवडिलांची किंवा वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला, हे सगळं तारीख करंट होण्याच्या, म्हणजे तुमचा नंबर लागण्याच्या, कितीतरी आधी उरकायचं. प्रतिज्ञापत्र देणारी माणसं थकत चालली आहेत, हेही लक्षात असू द्या. फक्त मेडिकल फार आधी करून ठेवू नका. २ डिसेंबर २०२४पासून त्याचा फॉर्म आय-४८५सोबतच जोडावा लागतो, तेव्हा डॉक्टर शोधून आणि लसींच्या नोंदी जमवून तयार राहिलात की पुरे.

कारण खिडकी कधी उघडेल आणि किती दिवस उघडी राहील याचा नेम नाही. जुलै २००७च्या बुलेटिनमध्ये नोकरीच्या जवळपास सगळ्या कॅटेगरी करंट झाल्या होत्या, म्हणजे तारखेची अटच उरली नव्हती. २ जुलैला सरकारने शब्द फिरवला. तेव्हा भारतीयांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलं पाठवून गांधीगिरी केली. १७ जुलैला निर्णय पुन्हा बदलला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. ज्यांचे कागद तयार होते त्यांना या गोंधळाची झळ कमी बसली.

अर्ज भरल्यानंतर तारीख मागे गेली तर? घाबरू नका, आय-४८५ रद्द होत नाही, नुसता पडून राहतो. वर्क परमिटकडे मात्र लक्ष हवं. ३० ऑक्टोबर २०२५पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे, म्हणून परमिट संपायच्या १८० दिवस आधीच अर्ज टाका. एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) चालू ठेवता येत असेल तर ठेवाच. त्याच्या वैध व्हिसावर परदेशातून परतता येतं. तो नसेल आणि ॲडव्हान्स परोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात नसताना देशाबाहेर गेलात, तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी केलेला ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील तर नोकरी बदलायची धास्ती नको. जुन्या कंपनीने नंतर तो मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते. फसवणुकीसारखं काही निघालं तर गोष्ट वेगळी. नव्या कंपनीला पर्म (कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण जुनी तारीख त्यांना जोडता येते. मंजुरीच्या पत्राची प्रत कंपनी सोडण्याआधी मागून घ्या.

एकविशी ओलांडली की मुलं आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात, म्हणून ती एकवीसच्या जवळ आली असतील तर वयाचा हिशोब नव्याने करा. नंबर उपलब्ध झाला त्या दिवशीच्या वयातून आय-१४० मंजुरीसाठी जितके दिवस लागले तेवढे वजा होतात. पण ‘नंबर उपलब्ध’ म्हणजे कोणता तक्ता, हा नियम १५ ऑगस्ट २०२५पासून बदलला आहे. आता अंतिम निर्णयाचा तक्ताच धरतात, म्हणजे अर्ज भरता आला म्हणून मुलाचं वय तिथे गोठत नाही. जुन्या लेखांत उलटं लिहिलेलं आढळेल.