बिऱ्हाड नाशिकला हलवण्यापूर्वी

विशी-पंचविशीत माणूस एक बॅग आणि एक गादी घेऊन गाव बदलतो आणि उरलेले तिथे गेल्यावर जमवतो. पन्नाशी जवळ आल्यावर मात्र आईची औषधे, स्वतःचा रक्तदाब, पंचवीस वर्षांची कागदपत्रे आणि मुलाच्या शिक्षणाचे हप्ते असे सगळेच बिऱ्हाडाबरोबर हलवावे लागते. मी २०२४च्या डिसेंबरात, वयाच्या ४९व्या वर्षी, ७६ वर्षांच्या आईसह डोंबिवलीहून नाशिकला राहायला आले. नोकरी संपली होती, मुलगा पुण्यात वसतिगृहात होता आणि अंबड औद्योगिक वसाहतीतल्या तीन लहान कारखान्यांचे हिशेब लिहिण्याचे काम हाती आले होते. तेव्हा केलेली यादी, आणि तेव्हा न सुचल्यामुळे नंतर तिच्यात घालावी लागलेली कामे, येथे क्रमाने लिहीत आहे. कारण काम राहून गेल्याने झाला त्यापेक्षा अधिक त्रास मला कामांचा क्रम चुकल्याने झाला.

सर्वांत पहिले काम आरोग्यविम्याचे आहे आणि ते राजीनामा देण्याच्या आधी करायचे आहे. कंपनीने काढलेला सामूहिक विमा साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो, आणि नेमक्या त्याच वयात नव्याने पॉलिसी काढायला गेल्यास पहिले ३० दिवस अपघाताखेरीज काहीही मिळत नाही, मोतीबिंदू किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत. म्हणून नोकरीत असतानाच मनुष्यबळ विभागाकडे लेखी विचारावे की सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तशी सोय असते, पण ती आपण होऊन कोणी सांगत नाही. स्वतःची पॉलिसी आधीपासून असेल आणि कंपनी बदलायची असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो, म्हणजे शहर बदलण्याच्या गडबडीत ही तारीख हमखास हुकते. अनेक पॉलिस्यांचा हप्ता शहरानुसार ठरतो, तेव्हा पत्ता बदलल्याचे विमा कंपनीला कळवावे, आणि नव्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत असलेली कोणती रुग्णालये रोकडविरहित उपचारांच्या यादीत आहेत ते पाहून दोन नावे कागदावर लिहून ठेवावीत.

दुसरे काम जुन्या घराचे. माझे मत ठाम आहे, आणि अनेकांना ते पटत नाही, की पहिली दोन वर्षे जुने घर विकू नये. नव्या गावी रुळलो नाही तर परतायला जागा राहते आणि भाड्याचा आधार मिळतो. ज्यांना विकावेच लागेल त्यांनीही घाई करू नये, कारण विक्रीच्या दीर्घकालीन नफ्यातून दुसरे घर घेतल्यावर मिळणारी करसवलत विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत खरेदी केली तरी मिळते. फक्त विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेत त्यासाठीच्या खास खात्यात ठेवावी लागते, एवढे करसल्लागाराकडून नीट समजून घ्यावे. हाताशी पैसे किती असावेत, याबद्दल सहा महिन्यांचा खर्च असे सर्रास सांगितले जाते. घरात वडीलधारे माणूस असेल तर तो आकडा अपुरा आहे. मी वर्षभराचा ठेवला होता आणि त्यातले नऊ महिन्यांचे पैसे संपले.

आता नवे घर. ते एकाच भेटीत ठरवू नये. नाशिक मुंबईपासून रस्त्याने १७० किलोमीटरच्या आसपास असले तरी ते मुंबईचे उपनगर नव्हे, आणि रविवारी दुपारी पाहिलेला गंगापूर रोड सोमवारी सकाळी वेगळाच असतो. ज्या भागात राहायचे तिथे एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात दोन-तीन दिवस मुक्काम करावा. शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी मिळते. तरीही महापालिकेचे पाणी किती वेळ येते, कूपनलिकेचे पाणी जड आहे का आणि एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो का, हे प्रश्न दलालाला न विचारता इमारतीच्या रखवालदाराला विचारावेत. घर शोधायला पितृपक्षासारखा काळ नाही. त्या पंधरवड्यात नवे घर करायला लोक कचरतात, दलालांना वेळ असतो आणि घरमालकही भाव धरून बसत नाहीत. मी इंदिरानगरचे घर त्याच दिवसांत ठरवले आणि सामान मार्गशीर्षात आणले, त्यामुळे आईचाही आक्षेप राहिला नाही. काम मुंबईत आणि घर नाशिकला असा विचार असणाऱ्यांनी नाशिक रोड स्थानक मूळ शहरापासून आठ-दहा किलोमीटर दूर आहे हे लक्षात घ्यावे. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणारे पासधारक आहेत, परंतु पन्नाशीत ते व्रत नव्याने धरण्यापूर्वी एक आठवडा प्रत्यक्ष करून पाहावे.

नाशिकपुरती आणखी एक गोष्ट. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या मुख्य पर्वण्या आहेत. पंचवटी, रामकुंड, तपोवन या भागांत त्या दिवसांत वाहनबंदी असते, आणि मागणी वाढली की भाडेही वाढते. तेव्हा अकरा महिन्यांचा करार करून मधेच अडकण्यापेक्षा पर्वण्या ओलांडून जाईल अशा मुदतीचा करार करावा. कायद्याने तो ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

हा भाडेकरार मला सगळ्या यादीचा कणा वाटतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार प्रत्येक भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. समजा, भाडे १८,००० रुपये, अनामत ६०,००० रुपये आणि मुदत २४ महिने असेल, तर एकूण भाडे ४,३२,००० आणि अनामतीवरचे वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज १२,००० मिळून होणाऱ्या ४,४४,००० रुपयांवर ०.२५ टक्के म्हणजे १,११० रुपये मुद्रांक शुल्क, आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी शुल्क. हे घरबसल्या आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. माझ्या घरमालकांनी पहिल्यांदा केवळ नोटरी केलेला कागद दिला. मी तो घेऊन बँकेत पत्ता बदलायला गेले, तेव्हा खिडकीमागच्या मुलीने तो दोनदा उलटा-सुलटा केला, इंडेक्स-२, म्हणजे करार नोंदवल्याचा सरकारी उतारा, कुठे आहे विचारले आणि कागद परत सरकवला. करार नोंदवून घेईपर्यंत माझे तीन आठवडे गेले, आणि तोपर्यंत पुढचे काहीही हलले नाही.

नोंदणीकृत करार हाती आला की बाकीची कामे भराभर होतात. त्यावर आधी आधारवरचा पत्ता बदलावा. मग बँक, पॅन आणि विमा यांचे काम आपोआप सोपे होते. मतदारयादीतले नाव हलवण्यासाठी आता ८ क्रमांकाचा अर्ज भरायचा असतो, आणि त्यासाठी आधी जुन्या ठिकाणचे नाव वगळून घ्यायची गरज नाही. वाहन महाराष्ट्रातच राहणार असेल तर क्रमांक बदलावा लागत नाही, म्हणजे एमएच ०५ची गाडी एमएच १५च्या गावात खुशाल चालते, मात्र नोंदणी पुस्तकातला पत्ता ३० दिवसांत बदलायचा असतो. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला दिली आहे ना, याची खात्री करून प्रत मागून घ्यावी. मुले नववी-दहावीत असतील तर दहावी होईपर्यंत हलूच नये. शाळांचे नियम आणि मुलांची मने दोन्ही त्या काळात ताठर असतात.

गॅसची जोडणी शहराबाहेर नेताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यावी आणि त्याच्याकडून मिळालेले व्हाउचर नव्या वितरकाला द्यावे. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी येते, त्यामुळे त्या दिवसाचा स्वयंपाक शेजारी किंवा खानावळीत ठरवून ठेवावा. वीजमीटरच्या शेवटच्या आकड्याचे छायाचित्र काढून ठेवावे, टपाल कार्यालयात नव्या पत्त्यावर पत्रे पाठवण्याचा अर्ज द्यावा, आणि सोसायटीकडून थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे.

सामान बांधण्याच्या बाबतीत वयाचे भान ठेवणे फार जरुरीचे आहे. पुस्तके मोठ्या खोक्यात भरू नयेत. ती कोणालाच उचलता येत नाहीत. मी सव्वादोनशे पुस्तकांपैकी साठ ठेवली, आणि रद्दीवाल्याच्या तराजूत बाकीची जाताना आई दरवाजात उभी राहून एकेक नाव वाचत होती, हेही यादीत धरावे, म्हणजे त्या कामाला एक अख्खी दुपार द्यावी लागते. सामान वाहणाऱ्याशी झालेला व्यवहार लेखी असावा. आमच्या टेम्पोवाल्याने कसारा घाटाच्या अलीकडे चहाला थांबून, सामान ठरल्यापेक्षा जास्त निघाले म्हणून आणखी चार हजार मागितले, आणि त्या वादात आम्ही नाशिकला पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. नव्या इमारतीत सहानंतर लिफ्टमधून सामान नेता येत नाही, हा नियम तेव्हा कळला. कपाट आणि शीतकपाट रात्रभर वाहनतळावर गोणपाटाखाली राहिले, आणि आईची रात्रीची गोळी नेमकी त्याच कपाटाच्या खणात होती. तेव्हा दोन्ही सोसायट्यांना सामानाची वेळ आधी विचारावी, आणि औषधे, चष्मे, करार, चार्जर व दोन दिवसांचे कपडे यांची पिशवी मांडीवरून सोडू नये. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू झाल्यामुळे आता तो घाट तरी टळतो. डिसेंबरात येणाऱ्यांनी गोधड्या सर्वांत वरच्या खोक्यात ठेवाव्यात. नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो आणि डोंबिवलीच्या चादरीचा तिथे काही उपयोग नसतो.

जुन्या डॉक्टरांकडून निघण्याआधी आजारांचा, औषधांच्या मात्रांचा आणि ॲलर्जीचा एक पानी गोषवारा त्यांच्या सहीने घ्यावा, आणि तीन महिन्यांची औषधे बरोबर ठेवावीत. नव्या डॉक्टरांना आजारी पडण्याच्या आधीच भेटून यावे.

राहिली माणसांची बाजू, आणि तिची तयारीही आधीपासून करता येते. नोकरीवर रुजू होणाऱ्याला सहकारी मिळतात. घरून काम करणाऱ्या मध्यमवयीन माणसाशी नव्या गावात दूधवाल्याखेरीज कोणी बोलत नाही. मी पहिल्याच आठवड्यात १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद झाले, सकाळी फिरण्याची वेळ रोज तीच ठेवली, आणि मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमालेला जाऊ लागले. व्याख्यानांपेक्षा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंशी झालेल्या ओळखीचा मला अधिक उपयोग झाला, कारण आमची कामवाली, सुतार आणि दंतवैद्य हे तिघेही त्यांच्याकडून मिळाले. काही नवे शिकायचे असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे.

यादीतले शेवटचे काम मी पोचल्यावर चौथ्या दिवशी केले, ते पहिल्या दिवशी करायला हवे होते. आई देवळात म्हणून गेली, आणि परतताना रिक्षावाल्याला तिने सवयीने डोंबिवलीच्या इमारतीचे नाव सांगितले. आता तिच्या बटव्यात एक जाड कागद असतो. त्यावर मोठ्या अक्षरात तिचे नाव, माझा क्रमांक आणि पत्ता आहे, आणि पत्त्याच्या खाली समोरच्या किराणा दुकानाचे नाव आहे, कारण आमची सोसायटी रिक्षावाल्यांना ठाऊक नाही. ते दुकान मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.