वीस गुंठे मिरची लावण्याआधी

मिरची लावायची म्हणून विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाण कोणतं घेऊ? मी उलट विचारतो, तोडायला कोण आहे? नाशिककडे पाण्यावाचून मिरची गेल्याची उदाहरणं कमी, पण मजूर न मिळाल्याने झाडावरच माल लाल झाल्याची बरीच सापडतील.

साधा हिशोब मांडा. वीस गुंठ्यांत पाच फुटांवर बेड आणि सव्वा फुटावर रोप धरलं तर साडेतीन हजारांच्या आसपास रोपं बसतात. तिखट मिरचीचा भर बहर असताना एका तोड्याला पाच-सहा क्विंटल माल निघू शकतो. सरावाची बाई दिवसभरात साधारण चाळीस किलो तोडते. म्हणजे बारा-पंधरा बायका, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेवढ्याच. घरची तीन माणसं आणि शेजारच्या दोन घरांची सावड एवढंच हाताशी असेल, तर दहा गुंठ्यांपासून सुरुवात करा. एकर करायचा मोह पहिल्या वर्षी नकोच.

मजूर कधी मिळतात हेही वेळापत्रकात धरावं लागतं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणारी मंडळी ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या कामाला लागतात. उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत ऐन भरात असते, आणि मग द्राक्षाची काढणी. या काळात तुमच्या वीस गुंठ्यांसाठी कोणी थांबत नाही, दर वाढवून दिला तरी. म्हणून मला उन्हाळी लागवड बरी वाटते. जानेवारी-फेब्रुवारीत रोपं लावली तर दोनेक महिन्यांनी, म्हणजे द्राक्षाचा हंगाम उतरताना पहिला तोडा येतो. थंडीतल्या बहराची दुसरी अडचण म्हणजे निफाड पट्ट्यात पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो. अशा रात्रींत फूल टिकत नाही, टिकलं तरी फळ वेडंवाकडं येतं. उन्हाळ्यात पस्तीसच्या वर गेलं की फूलगळ तिथेही आहेच, पण पाण्याच्या पाळ्या आणि मल्चिंग (बेडवरचं आच्छादन) सांभाळून ती थोडी आवरता येते.

ढोबळी मिरचीचं गणित निराळं. फळ वजनदार, तोडणी झटपट, पण शेडनेट, तारा-सुतळीचा आधार, महाग रोपं असा खर्च आधीच बसतो. नवख्याने आधी एक हंगाम उघड्यावर तिखट मिरची करावी असं माझं मत आहे. शेडनेटवाल्यांना ते पटणार नाही.

जमीन निवडताना गेल्या वर्षी तिथे काय होतं ते बघा. गिरणारे-दिंडोरीकडे टोमॅटो एवढा आहे की टोमॅटोच्याच वावरात मिरची लावली जाते. दोन्ही एकाच कुळातली, त्यामुळे मर रोग आणि मुळांवरचे सूत्रकृमी पुढच्या पिकाला आयते मिळतात. कांदा किंवा सोयाबीन निघालेलं, पाणी न साचणारं रान घ्या. रोपं कोकोपीटच्या ट्रेमधली, पाच-सहा आठवड्यांची आणि रोपवाटिकेत जाळीखाली वाढलेली हवीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले ज्योती हे वाण घोसाने मिरच्या देतं. बाजारात संकरित वाणं भरपूर आहेत. कोणतं चालतं हे दुकानदारापेक्षा तुमचा माल घेणारा व्यापारी नेमकं सांगेल. बिल आणि पाकिटावरचा लॉट नंबर मात्र जपून ठेवा, बियाण्याची तक्रार करायची वेळ आली तर त्यावाचून काही हलत नाही. ड्रीपला अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी करू नका.

आता बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळणं. मिरचीत नवख्याचा सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, कारण पान वळलेलं दिसलं की दुकानात जाऊन 'बोकड्याचं औषध द्या' म्हणायची पद्धत आहे. आधी पान नीट बघा. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबले तर कोळी ही बारीक कीड; त्यावर साधं कीटकनाशक मारून उपयोग नाही, कोळीनाशकच लागतं. पानं बारीक, पिवळट, शिरा जाड आणि झाड खुजं राहिलं तर विषाणू, जो पांढरी माशी पसरवते. असं झाड औषधाने बरं होत नाही. सुरुवातीलाच उपटून पिशवीत भरून बाहेर न्या. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की फुलकिडे चालताना दिसतात. निळे चिकट सापळे त्यांच्यासाठी, पिवळे माशी आणि माव्यासाठी.

नाशिकची आणखी एक गंमत म्हणजे मिरचीवर येणारी स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस ही फुलकिड्याची जात द्राक्षावरही येते. बांधाला बाग असेल तर मिरचीच्या दोन-तीन आठवडे आधी कडेने अडसर म्हणून मक्याच्या दाट ओळी टाकून घ्या. भाड्याचा फवारणी पंप आला तर आधी त्यातून टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं का ते विचारा. टाकीत राहिलेल्या अंशानेही मिरचीची पानं वेडीवाकडी होतात, आणि तोही बोकड्याच समजून आणखी औषधं मारली जातात.

फवारणी तोड्याच्या आदल्या दिवशी नाही, तोडा झाल्याबरोबर. लेबलवर काढणीपूर्वीचा कालावधी छापलेला असतो. दहा दिवसांचं औषध मारून सहाव्या दिवशी माल तोडणारे आहेत, आणि तो माल आपल्याच पोरांच्या डब्यात जातो.

विक्रीला पंचवटीतली बाजार समिती जवळची. पाच-सहा जणांचा माल मिळून गाडी भरत असेल तरच नवी मुंबईतल्या वाशी बाजाराचा विचार करा. फळं-भाज्यांची आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, 2016 पासून खरेदीदाराने द्यायची आहे, तेव्हा पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) हातात आली की कपातीचा रकाना वाचा. माल संध्याकाळी तोडून सावलीत पसरा. ओली मिरची गोणीत भरली तर सकाळपर्यंत देठ काळे पडतात आणि भाव तिथेच उतरतो.

प्रत्येक तोड्याला वहीत तीनच आकडे लिहा: किलोमागे तोडणी, किलोमागे गाडीभाडं, हातात आलेला भाव. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याला भिडली की हिरवा तोडा थांबवा. माल झाडावर लाल होऊ द्या, निवांतपणे घरच्या हातांनी तोडा आणि वाळवा. चार किलो पिकलेल्या मिरचीची साधारण एक किलो वाळलेली होते. थोडी असेल तर गावातच मसाल्याच्या दिवसांत उठते. तिखट दळून पाकिटं विकायची असतील तर आधी अन्नसुरक्षेची नोंदणी काढून घ्या.