परदेशात नाशिक आठवलं की कविता कशी लिहायची (माझी पद्धत)

सगळ्यात आधी मायभूमी, मातीचा सुगंध, पाणावलेले डोळे हे सगळं वहीतून उडवा. स्टुटगार्टला गेले त्या पहिल्या हिवाळ्यात मी असल्या अकरा कविता लिहिल्या, आणि त्या अकराच्या अकरा कोणी नागपूरकरानं लिहिल्यात म्हणून सांगितलं असतं तरी खपल्या असत्या.

त्यापेक्षा घरी फोन लावा आणि आई जे बोलते तेच उतरवून घ्या. आमच्याकडे पूर किती आला हे फुटात कोणी सांगत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं ते सांगतात, आणि गोदावरीला गोदावरी तरी कुठे म्हणतो आपण, गंगाच म्हणतो. असं काहीतरी हाती लागलं की अर्धं काम झालं.

मग साचा. मुक्तछंदात मी फार वाहवत जाते म्हणून मला अभंग बरा पडतो, पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. जोडाक्षर एकच धरायचं, बोटांवर मोजा, ट्राममध्ये पण जमतं. जुना साचा म्हणून लाजू नका हं, परदेश नव्हता तेव्हा सासर होतंच की, जात्यावरच्या कितीतरी ओव्या माहेरासाठीच झुरतात.

माझा नमुना बघा:

आई फोनवर
म्हणे आला पूर
मारुतीचा ऊर
भिजला गं

नेकरच्या काठी
मोजते मी पाणी
इथे नाही कुणी
दुतोंड्या गं

(नेकर म्हणजे स्टुटगार्टची नदी.)

तिकडचे शब्द आले तर येऊ द्या. फायरआबेंड म्हणजे काम संपल्यावरची आपली हक्काची संध्याकाळ, "ऑफिस सुटलं" म्हटलं तर त्यातली मोकळीक येत नाही, म्हणून मी तसाच टाकते, शिवाय मोजून सहा अक्षरं भरतात, एक चरण फुकटात!

आता अवघड भाग. सध्या सुट्टीवर पंचवटीत आईकडे आलेय. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात यावर मी वर्षभर चिडचिड केली, आणि परवा रविवारी इथे मिसळीसाठी नंबर लावून उभी होते, मागे हॉर्न चाललेले, तर चक्क तो तिकडचा शुकशुकाट आठवायला लागला. मिसळ समोर यायच्या आत! असं वाटलं की अपराधी वाटतं आणि आपण ते कवितेत लपवतो. लपवू नका, माझ्या वहीतल्या त्यातल्या त्यात बऱ्या कविता अशाच दिवशीच्या आहेत.

शेवटी मोठ्यानं वाचा, शक्यतो घरच्यांसमोर. मी वरचा अभंग आईला वाचून दाखवला तर म्हणाली, "अगं, ऊर कुठला, मी कंबर म्हणाले होते." पण कंबरेला यमक काही जुळेना, म्हणून पाणी मीच वर चढवलंय.