पॅन्क्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) कॅन्सरला हिफू करायचं म्हणतायत? आधी हे विचारून घ्या

सर्जन म्हणतात ऑपरेशन होण्यासारखं नाही, केमो चालू होते, पेशंटला रात्री पाठीत इतकं दुखतं की आडवं पडवत नाही, आणि मग कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतं की अहो चिरफाड नाही, रेडिएशन नाही, नुसत्या ध्वनिलहरींनी गाठ जाळतात. जाळतात हे खरंय. पण "सेफ आहे का हो?" एवढंच विचारलंत तर "हो, एकदम सेफ" एवढंच उत्तर मिळणार, म्हणून प्रश्न नीट विचारायला शिका.

हिफू म्हणजे हाय इंटेन्सिटी फोकस्ड अल्ट्रासाउंड, पण फिजिओथेरपीवाले गुडघ्याला अल्ट्रासाउंडचा शेक देतात ते नव्हे. भिंगाने ऊन एका जागी धरून कागद जाळायचो ना, तसं बाहेरून सोडलेल्या लहरी पोटात एका ठिपक्यावर गोळा करतात, तिथलं तापमान काही क्षणांत ६० डिग्रीच्या वर जातं आणि तेवढा भाग मरतो. ठिपका जेमतेम १ ते ३ मिलिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभर लांब, त्यामुळे ठिपक्याला ठिपका लावत पुढे जावं लागतं आणि हे काम तासन्‌तास चालू शकतं.

पहिला प्रश्न: हे कशासाठी करताय? खरं उत्तर बहुतेक वेळा "दुखणं कमी करायला" हेच असतं. पॅन्क्रियाजच्या मागे नसांचं एक जाळं असतं, सीलियाक प्लेक्सस, गाठ त्यात घुसली की ते पाठीत जाणारं दुखणं सुरू होतं, आणि तिथे हिफूने बऱ्याच पेशंटना आराम पडल्याचं चीनमधल्या आणि जर्मनीत बॉनच्या डॉक्टरांनी नोंदवलंय. पण त्यातले बरेचसे अभ्यास एकेका हॉस्पिटलचे, थोड्या पेशंटचे, तुलनेला दुसरा ग्रुप नसलेले. आयुष्य वाढतं असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, आणि लिव्हरमध्ये पसरलेल्या कॅन्सरला पॅन्क्रियाजवर मारलेल्या लहरी काहीच करत नाहीत. "कॅन्सर बरा होईल" असं कोणी सांगितलं तर फाईल उचला आणि निघा. आणि दुखण्यासाठीच करायचं असेल तर त्याच नसांना सुईने अल्कोहोलचं इंजेक्शन देऊन बधिर करता येतं, मॉर्फिन आहे, कधीकधी रेडिएशनही. ते का नको, हे आधी विचारा, माझ्या मते खर्चाचं बोलण्याच्याही आधी.

आता सेफ्टीचा खरा मुद्दा. लहरी पोटात शिरल्यापासून गाठीपर्यंत वाटेत काय काय लागतं ते बघायचं. डॉक्टरांना सीटी स्कॅन उघडायला सांगा आणि म्हणा, गाठ कुठंय आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, कुठंय ते बोट ठेवून दाखवा. गाठ आतड्याच्या भिंतीत घुसली असेल तर तिथे भोक पडणं किंवा रक्तस्राव होणं हा या ट्रीटमेंटचा सगळ्यात वाईट धोका, तसं क्वचितच होतं पण झालं तर निस्तरणं फार अवघड, आणि अशा गाठीला बरेच डॉक्टर हातच लावत नाहीत. वाटेत गॅस असेल तर लहरी परत फिरतात आणि भलतीच जागा भाजते. काविळीसाठी स्टेंट टाकलाय का, प्लास्टिकचा की मेटलचा, हे न विचारता सांगा, कारण मेटलवरूनही लहरी परावर्तित होतात. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर तिथली कातडी भाजू शकते. शिवाय पॅन्क्रियाजला सूज येणं, शेजारच्या शिरेत गुठळी होणं, मागच्या मणक्याला किंवा नसांना चटका बसणं, हेही या यादीत आहे, कमी वेळा होतं पण आहे.

म्हणूनच तयारीला एवढं महत्त्व. आधीचे काही दिवस हलकं, चोथा नसलेलं खाणं, मग पोट साफ करायचं औषध, मग उपाशी. डाळ, कोबी, सोडा बंद. गुपचूप दोन घास भरवू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आठवणीने सांगा, आणि कावीळ असेल तर आधी ती उतरवतात. काही मशीनवर पेशंटला पालथं झोपवून पोट हवा काढलेल्या गार पाण्यात टेकवतात, त्यात बुडबुडा चालत नाही, कातडीवरचे केसही काढतात. पाठदुखीच्या पेशंटला असं पालथं किती वेळ राहता येईल हे भूलतज्ज्ञाशी आधीच बोलून घ्या.

परवानगीचंही विचारा. औषधं आणि मशीनना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फोकस्ड अल्ट्रासाउंडला गर्भाशयाच्या फायब्रॉइडसाठी २००४ मध्ये आणि हात थरथरण्याच्या आजारासाठी २०१६ मध्ये मान्यता दिली, पण ती पॅन्क्रियाजसाठी नव्हे. तेव्हा कोणी "एफडीए अप्रूव्हड मशीन" म्हणालं की लगेच विचारा, कुठल्या आजारासाठी? ट्रायल म्हणून करतायत असं सांगितलं तर भारतातल्या ट्रायल्सची नोंद ठेवणाऱ्या सीटीआरआय या रजिस्ट्रीतला नंबर मागा, तो वेबसाईटवर तपासता येतो. याच डॉक्टरांनी पॅन्क्रियाजचे किती पेशंट केले, त्यात किती जणांना त्रास झाला, हेही विचारा. आवडणार नाही त्यांना, विचारा तरी. सेकंड ओपिनियन हिफू न करणाऱ्या कॅन्सर डॉक्टरकडूनच घ्या.

झाल्यावर थोडं दुखणं, कातडी लाल होणं, चरबीत कडक गाठ लागणं हे होतं, पण डॉक्टरांना दाखवा. काळी शी, रक्ताची उलटी, थंडी वाजून ताप, पोट दगडासारखं होणं, परत कावीळ, पायात बधिरपणा, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्या. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: दुखणं खरंच कमी झालं तर मॉर्फिनचा जुना डोस जास्त होऊ शकतो, पेशंट गुंगीत राहतो, श्वास मंदावतो. डोस कमी करायचा, पण डॉक्टरांना विचारून हळूहळू, मनाने एकदम बंद नाही.