हायब्रिड ॲपमध्ये स्वतःचे ब्राउझर इंजिन बसवताना: गेकोव्ह्यूचा अवघड भाग

हायब्रिड ॲप म्हणजे आत वेब पाने दाखवणारे ॲप. आधी ठरवा, ती पाने दाखवणारे इंजिन खरेच ॲपसोबत न्यायचे आहे का. अँड्रॉइड ५ पासून सिस्टिमचा वेबव्ह्यू, म्हणजे ॲपमध्ये वेब पान दाखवणारा तयार घटक, प्ले स्टोअरमधून अपडेट होतो आणि बहुतेक ॲपना तो पुरतो. माझ्याकडे काम आले ते गोदामातल्या टॅब्लेटचे. त्यांवर प्ले स्टोअर नव्हते, वेबव्ह्यू खरेदीच्या दिवशीचाच होता आणि आमच्या पानांचा निम्मा सीएसएस त्याला कळत नव्हता. अशा ठिकाणी स्वतःचे इंजिन हवेच.

‘क्रॉसवॉक टाका’ हा सल्ला मात्र ऐकू नका. क्रॉसवॉक म्हणजे ॲपसोबत नेता येणारे, क्रोमियमवर बेतलेले इंजिन. इंटेलने तो प्रकल्प २०१७ मध्ये बंद केला. त्याच्या शेवटच्या, म्हणजे २३ व्या आवृत्तीत क्रोमियम ५३ आहे. सुरक्षेची इतकी जुनी भोके ग्राहकाच्या हातात द्यायची नसतात. मोझिलाचा गेकोव्ह्यू, म्हणजे ॲपमध्ये बसवता येणारे फायरफॉक्सचे इंजिन, घ्या.

मोझिलाची मेव्हन रिपॉझिटरी ग्रेडलमध्ये जोडा, डिपेंडन्सी घाला, लेआउटमध्ये वेबव्ह्यूच्या जागी गेकोव्ह्यू ठेवा. रनटाइम (चालते इंजिन) एकदाच बनवा आणि स्टॅटिक ठेवा. स्क्रीन आडवी केल्यावर ॲक्टिव्हिटीने दुसरा बनवायला घेतला की ॲप कोसळते. सेशन (ब्राउझरच्या एका टॅबसारखे) उघडा, व्ह्यूला जोडा. पान दिसू लागेल.

इथेच बहुतेकांना काम संपले असे वाटते. खरे काम आता सुरू होते, कारण पानातल्या जावास्क्रिप्टला नेटिव्ह, म्हणजे ॲपच्या स्वतःच्या अँड्रॉइड कोडशी बोलायचे असते. वेबव्ह्यूत त्यासाठी जावास्क्रिप्ट इंटरफेस एका ओळीत जोडता येतो. गेकोव्ह्यूत ती सोयच नाही. ॲपच्या ॲसेट्समध्ये एक छोटे वेब एक्स्टेन्शन ठेवायचे आणि निरोप त्याच्यामार्फत न्यायचे. पान विंडोच्या पोस्टमेसेजने कंटेंट स्क्रिप्टला (एक्स्टेन्शनचा पानात चालणारा भाग) सांगते, कंटेंट स्क्रिप्ट नेटिव्ह मेसेज पाठवते.

माझे दोन दिवस इथे गेले. बारकोड स्कॅन केला की पानातून निरोप निघत होता, ॲपच्या कोटलिन कोडमध्ये काहीच पोहोचत नव्हते. मी डेलिगेट, म्हणजे निरोप घेणारा कोड, एक्स्टेन्शनवर लावला होता. तिथे फक्त बॅकग्राउंड स्क्रिप्टचे निरोप येतात. कंटेंट स्क्रिप्टचे हवे असतील तर तो सेशनच्या वेब एक्स्टेन्शन कंट्रोलरवर लावावा लागतो. डेलिगेटला दिलेले नाव आणि स्क्रिप्टमधले नाव अक्षरशः एकच हवे. एक्स्टेन्शनच्या मॅनिफेस्टमध्ये (त्याची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) नेटिव्ह मेसेजिंगची, कंटेंटमधून नेटिव्ह मेसेजिंगची आणि गेकोव्ह्यू ॲडऑन्सची, अशा तिन्ही परवानग्या हव्यात.

क्रमही सांभाळा. एक्स्टेन्शन बसणे असिंक्रोनस आहे. ते बसल्याचे उत्तर आल्यावर डेलिगेट लावा आणि त्यानंतरच पान लोड करा. उलट केलेत तर पानाचे पहिले निरोप हरवतात, तेही कधी हरवतात, कधी नाही. असा दोष पकडताना जीव मेटाकुटीला येतो. एक्स्टेन्शनचा कोड बदललात की मॅनिफेस्टमधली आवृत्ती वाढवा. एक्स्टेन्शन बसवणारे ‘एन्शुअर बिल्ट-इन’ तीच आवृत्ती दिसली की पुन्हा बसवत नाही.

ॲप कॉर्डोव्हा या हायब्रिड ॲप बनवण्याच्या साधनावर असेल, तर त्याच्या कॅमेरा, फाइल अशा प्लगिनांना निरोपांचा हा पूल ठाऊक नसतो. लागतील तेवढ्यांचे निरोप स्वतः लिहा.

एपीके (ॲप बसवण्याची फाइल) बराच फुगतो. सगळ्या प्रोसेसरांची इंजिने एकाच फाइलमध्ये कोंबू नका. टॅब्लेट एआरएम ६४ चे असतील तर तेवढेच द्या. आयफोनवर हा खटाटोप करू नका, तिथे युरोपीय संघासारखे अपवाद सोडले तर वेबकिटच वापरावे लागते.

फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते, तिच्याबरोबर गेकोव्ह्यूचीही. आता ते अपडेट पोहोचवणे तुमच्याकडे. त्या गोदामासाठी मी दर महिन्याला नवा बिल्ड करतो, आधी एका टॅब्लेटवर स्कॅनचा निरोप तपासतो आणि मगच बाकीच्यांवर चढवतो.