धुक्यातली चालती माणसं रंगवताना या चुका टाळा

धुक्यात फारसं काही दिसतच नाही, म्हणजे चित्र सोपं, असं समजून बसणाऱ्याचं जलरंगचित्र लांबूनच ओळखू येतं. मागे सुरेख करडा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, आणि त्यावर काळ्या कागदातून कातरून चिकटवल्यासारखी माणसं.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती वेळ चुकल्याने. वॉश अर्धवट वाळलाय, चकाकी जातेय आणि नेमका तेव्हाच पाण्याने निथळणारा ब्रश आकृतीच्या पायाशी टेकतो. ते जास्तीचं पाणी आजूबाजूचा रंग ढकलत पसरतं आणि पायांच्या जागी फुलकोबीच्या कडेसारखा डाग उमटतो. मग टिश्यूने टिपणं, टिपलेल्या पांढऱ्या भोकात पुन्हा रंग, तो जुळेना म्हणून आणखी एक थर. दहा मिनिटांत धुक्याचा चिखल! डाग पडला की हात आवरा. पूर्ण वाळल्यावर ओलसर ब्रशने कड हलकेच चोळली की तो बराचसा निवळतो.

ओल्या कागदावर ब्रश नेहमी कागदापेक्षा कोरडा हवा. ३०० जीएसएमचा म्हणजे जाड कागद, ८ नंबरचा राउंड (गोल, टोकदार) ब्रश, सायीइतका दाट रंग, आणि टेकवण्याआधी ब्रशचं पोट टिश्यूवर टिपायचं. कागद चकाकतोय तोवर लांबची, फिकट माणसं उरकून घ्या. जवळची पूर्ण वाळल्यावरच. हाताची पालथी बाजू लावून पाहा. गार लागलं तर कागद अजून ओलाच आहे. हेअर ड्रायर जवळून मारणाऱ्यांचा वॉशच सरकतो, आणि दोष मात्र कागदाला.

दुसरी खोड म्हणजे चालणारा माणूस फोटोसाठी उभा राहिल्यासारखा काढणं. दोन्ही पाय एका लांबीचे, पावलं एका रेषेत. उचललेला पाय आखूड काढा, त्याचं पाऊल गाळूनच टाका. धड जायच्या दिशेला थोडं कललेलं, डोकं वाटतं त्याहून लहान. उभ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते. डावा पाय पुढे तर उजवा हात पुढे. पुढची कड स्पष्ट ठेवा, पाठीमागची ओलसर ब्रशने ओढून विरू द्या. नाक-डोळे काढत बसणाऱ्यांनी व्यक्तिचित्रंच करावीत.

ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन ब्लू या गडद निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून करडा करा. धुकं पांढऱ्या पोस्टर कलरने नंतर लिंपू नका. लक्ष वेधायला लाल छत्री हवीच असेल तर एकच. सपाट जमिनीवर उभं राहून पाहताना मोठ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजरेषेवरच येतात. जवळ-लांब दाखवायला पावलं खाली-वर घ्या.