सकाळी ट्रक लवकर चालू होत नाही?
रात्रभर उभा ट्रक सकाळी खूप सेल्फ मारायला लावतो आणि तेव्हा सायलेन्सरमधून धूरही येत नाही, म्हणजे डिझेल इंजिनापर्यंत पोहोचत नाहीये. पंप उघडायची घाई नको. आधी डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय का बघा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत डिझेल फिल्टरवरचा ब्लीडर स्क्रू (हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबा. फेसाळ डिझेल आलं तर टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हा भाग तपासा. इंजिन चालू असताना तिथे ओढ असते, त्यामुळे बाहेर थेंबही न गळता हवा आत जाते. बॅन्जो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर जुने असतील तर सरळ नवे टाका. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा.

कॉमन रेल गाडीत (जिथे एकाच सामाईक पाइपमधून सगळ्या इंजेक्टरना जबर दाबाने डिझेल जातं) मात्र इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइप कधीही सैल करू नका. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं.